एकाच लायसन्सवर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नोकरी: सिस्टर आणि ब्रदरसाठी माहिती

एन्क्लेक्स, म्हणजे अमेरिकेत नर्सिंगच्या लायसन्ससाठी द्यावी लागणारी परीक्षा, पास झालेल्या सिस्टर आमच्या ऑफिसात आल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मल्टिस्टेट लायसन्सचे किती घेता?" त्याचे आम्ही काहीच घेत नाही, कारण भारतात बसून ते निघत नाही. कुणी "इथूनच काढून देतो" म्हणालं, तर पैसे देऊ नका.

अमेरिकेत नर्सिंगचं लायसन्स त्या त्या राज्याचं बोर्ड देतं. काही राज्यांनी 2000 सालापासून आपसात करार केलाय, त्याला नर्स लायसन्शुअर कॉम्पॅक्ट म्हणतात. करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं लायसन्स म्हणजे मल्टिस्टेट. सध्याचे नियम जानेवारी 2018 पासूनचे. आज 40 हून जास्त राज्यं त्यात आहेत. टेक्सास, फ्लोरिडा आत; कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क बाहेर. बाहेरच्या राज्यात जायचं तर तिथला अर्ज वेगळा, फी वेगळी.

मेख अशी, की मल्टिस्टेट लायसन्स तुमच्या राहत्या राज्याकडूनच मिळतं, नोकरी कुठेही असो. कॅन्सस आणि मिसुरी ही शेजारची राज्यं, दोन्ही करारात. घर कॅन्ससमध्ये आणि ड्युटी मिसुरीत असेल, तर मल्टिस्टेट कॅन्ससचं बोर्ड देणार. राहण्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी किंवा टॅक्स रिटर्न लागतं. शिवाय सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडच्या सरकारने दिलेला ओळख क्रमांक) हवा आणि बोटांचे ठसे घेऊन होणारी गुन्हे तपासणी पार पडायला हवी. म्हणून इथून जाताना हातात एका राज्यापुरतं लायसन्स असतं. तिथे बस्तान बसलं, सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला, की मल्टिस्टेटसाठी अर्ज करायचा. तो तुम्ही स्वतः भरू शकता, अवघड नाही.

करारातल्या एका राज्यातून दुसऱ्यात बिऱ्हाड हलवलंत, तर 60 दिवसांच्या आत नव्या राज्यात अर्ज करा. घर न बदलता काही महिन्यांचं काम घेतलं, तर ही भानगड नाही. कायदा मात्र पेशंट जिथे असेल तिथला लागू. फोनवरून सल्ला देतानाही.

आता आमचं खरं काम, म्हणजे सगळ्या कागदांवरचं नाव जुळवणं. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण तिकडच्या कारकुनाला त्या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात! एन्क्लेक्सची नोंदणी आणि पासपोर्ट यांतलं नाव जुळलं नाही, तर परीक्षेला बसू देत नाहीत. तेव्हा पहिल्या भेटीला येताना पासपोर्ट, दहावीपासूनच्या मार्कशीट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि लग्नाचा दाखला आणा. झेरॉक्स इथे काढू, मूळ कागद लगेच परत.