चालू स्टॅकमध्ये नवा स्विच जोडताना

महाविद्यालयाच्या किंवा रुग्णालयाच्या एका मजल्यावरचे संगणक, फोन, कॅमेरे आणि वाय-फायची उपकरणे यांच्या सगळ्या तारा ज्या कपाटात येऊन मिळतात, त्या कपाटात बहुधा ४८ पोर्टचे (तारा लावायच्या खाचांचे) दोन-तीन स्विच, म्हणजे या उपकरणांमधली माहिती योग्य ठिकाणी पोहोचवणारी यंत्रे, एकावर एक बसवलेले असतात. हे स्विच मागच्या बाजूने खास जाड केबलने एकमेकांना जोडले, की बाहेरच्या जगाच्या दृष्टीने तो एकच मोठा स्विच होतो आणि त्यालाच स्टॅक म्हणतात. सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने २००३ मध्ये कॅटलिस्ट ३७५० या स्विचच्या मालिकेबरोबर स्टॅकवाइज नावाने ही सोय आणली. त्या वेळी नऊ स्विचपर्यंत जोडता येत असत आणि मागच्या केबलच्या वर्तुळाची क्षमता सेकंदाला ३२ गिगाबिट होती. आजच्या कॅटलिस्ट ९३०० मध्ये ही क्षमता ४८० गिगाबिट आहे. पोर्ट संपले की स्टॅकमध्ये आणखी एक स्विच घालायचा, आणि तोही लोकांचे काम न थांबवता, अशी अपेक्षा असते. ती पुरी होऊ शकते, मात्र क्रम पाळावा लागतो.

स्टॅकमधले सगळे स्विच दिसायला सारखे असले, तरी निर्णय एकच घेतो. त्याला ॲक्टिव्ह म्हणतात (जुन्या मालिकांत मास्टर म्हणत). संपूर्ण स्टॅकचे कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याने कसे चालायचे याच्या सूचना, त्याच्याकडे असते आणि बाकीचे सदस्य त्याच्या सांगण्यावरून चालतात. खरी जोखीम इथेच आहे. कारण एकटा चालू असलेला नवा स्विचसुद्धा स्वतःपुरता ॲक्टिव्हच असतो. तो चालू स्थितीत स्टॅकला जोडला, की एका स्टॅकमध्ये दोन ॲक्टिव्ह समोरासमोर येतात आणि त्यांच्यात निवड होते. प्रत्येक स्विचला १ ते १५ यांपैकी एक प्रायॉरिटी (अग्रक्रमाचा आकडा) दिलेली असते; ज्याची जास्त तो जिंकतो. ती समान असेल तर पुढचे निकष लागतात आणि अखेरीस ज्याचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) लहान त्याच्या बाजूने कौल जातो. हरलेला ॲक्टिव्ह आपल्या सगळ्या सदस्यांसह रीलोड होतो, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणजे नव्या स्विचने बाजी मारली, तर भर दुपारी अख्खा मजला काही मिनिटे बंद पडतो आणि फोन व कॅमेऱ्यांना याच स्विचमधून वीज मिळत असेल तर तेही विझतात.

नवा स्विच वीज बंद ठेवूनच जोडायचा, हा नियम यातून आला आहे. उशिरा जागा होणारा स्विच आधीचा ॲक्टिव्ह मान्य करतो आणि साधा सदस्य म्हणून आत येतो. गोदामातून काढलेल्या जुन्या स्विचच्या बाबतीत मात्र अधिक सावध राहावे. तो कधीकाळी दुसऱ्या स्टॅकचा प्रमुख असेल, तर त्याची प्रायॉरिटी १५ असू शकते. ‘राइट इरेज’ ही आज्ञा देऊन त्याचे कॉन्फिगरेशन पुसले तरी हा आकडा पुसला जात नाही, कारण प्रायॉरिटी आणि सदस्य क्रमांक (स्टॅकमधला त्या स्विचचा क्रमांक) कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये नसतातच. ते स्विच स्वतःजवळ वेगळे जपून ठेवतो. टेबलावर एकट्याने चालू करून हे दोन्ही आकडे पाहावेत, प्रायॉरिटी १ करावी आणि मग वीज काढून तो रॅकमध्ये चढवावा.

केबलचा भाग सोपा वाटतो, पण घाई नडते ती इथेच. स्टॅकच्या केबल वर्तुळात जोडलेल्या असतात. भोंडल्याच्या चालू फेरात नव्या मुलीला घ्यायचे तर एकाच ठिकाणचे हात सोडतात. दोन ठिकाणी सोडले तर फेराचे दोन तुकडे होतात. स्टॅकचेही तसेच आहे. एक केबल काढली तर क्षमता निम्मी होते, पण स्टॅक अखंड राहतो. दुसरी काढली तर दोन स्टॅक तयार होतात, दोघांकडे तेच कॉन्फिगरेशन आणि तोच आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) राहतो आणि मग गोंधळ निस्तरणे अवघड होते. म्हणून एकच केबल सोडावी आणि त्या रिकाम्या जागी नव्या स्विचच्या दोन्ही केबल बसवाव्यात. कनेक्टर पूर्ण आत गेल्याची खात्री करून त्याचे स्क्रू हातानेच घट्ट करावेत.

वीज दिल्यावर उरते ती सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची अडचण. नव्या स्विचची आवृत्ती वेगळी असेल तर तो स्टॅकमध्ये दिसतो, पण त्याच्या स्थितीत ‘व्ही-मिसमॅच’ (आवृत्ती जुळत नाही) लिहिलेले असते आणि त्याचे पोर्ट काम करत नाहीत. आपोआप आवृत्ती बदलण्याची सोय आहे, परंतु आयओएस एक्सई या सिस्कोच्या प्रणालीवर चालणाऱ्या स्विचमध्ये ती सॉफ्टवेअर चालवण्याच्या ‘इन्स्टॉल मोड’ या पद्धतीतच चालते. माझ्या मते त्या सोयीवर विसंबण्यापेक्षा टेबलावरच आवृत्ती जुळवून घेणे शहाणपणाचे. पोर्टचे कॉन्फिगरेशन मात्र आधीच लिहून ठेवता येते. ‘प्रोव्हिजन’ आज्ञेने, अजून न आलेल्या तिसऱ्या स्विचचे मॉडेल नोंदवले, की ३/०/१ (तिसऱ्या स्विचचा पहिला पोर्ट) पासूनचे पोर्ट कागदोपत्री अस्तित्वात येतात. नवा स्विच त्याच क्रमांकाने आणि त्याच मॉडेलचा आला, तर ही मांडणी त्याला लगेच लागू होते.

शेवटी ‘शो स्विच’ या आज्ञेत नव्या सदस्यापुढे ‘रेडी’ दिसते का आणि स्टॅक पोर्टच्या यादीत प्रत्येक जोड ‘ओके’ आहे का, हे तपासावे. अर्धवट बसलेली केबल असली तरी स्टॅक चालतोच, त्यामुळे उघडे राहिलेले वर्तुळ पुढची एखादी केबल निघेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही गोष्टी ठीक दिसल्या, की कॉन्फिगरेशन जतन करून लोकांच्या तारा नव्या पोर्टमध्ये लावायला हरकत नाही.