ईगल्सचा ‘डेस्पराडो’: गाणी उचलली गेली, गोष्ट राहून गेली

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं नाव घेतलं की आपल्याकडे बहुतेकांच्या कानात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च वाजू लागतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते एकदा तरी वाजवून न पाहिलेला गिटारवाला शोधूनच काढावा लागेल. तो अल्बम डिसेंबर १९७६चा. त्याच्या साडेतीन वर्षं आधी, १७ एप्रिल १९७३ला, याच बँडचा दुसरा अल्बम आला होता: ‘डेस्पराडो’, म्हणजे बेदरकार दरोडेखोर. पहिल्या अल्बमच्या यशानंतर त्याच्याकडून बऱ्याच अपेक्षा होत्या, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत. त्यातली ‘डेस्पराडो’ आणि ‘टकीला सनराइज’ ही दोन गाणी आज सगळीकडे गायली जातात. पण ती दरोडेखोरांच्या ज्या गोष्टीचा भाग म्हणून आली, ती गोष्ट तेव्हाच्या श्रोत्यांनी फारशी मनावर घेतली नाही. असं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

कंट्री आणि रॉक यांचं तेव्हा फारसं पटत नव्हतं. कंट्री हे दक्षिणेकडच्या गोऱ्या, परंपराप्रिय घरांमधलं संगीत; रॉक लांब केसांच्या, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांचं. १९६८मध्ये बर्ड्स या रॉक बँडनं ग्रॅम पार्सन्स या गायकाला बरोबर घेऊन ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ केला. त्यासाठी ते कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला गेले आणि कंट्रीचं देऊळच समजल्या जाणाऱ्या ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावरही उभे राहिले. तिथल्या प्रेक्षकांनी त्यांचं स्वागत थंडपणे केलं, आणि रॉकवाल्या चाहत्यांना हे काय चाललंय ते कळेना. अल्बम बिलबोर्ड साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत ७७च्या वर सरकला नाही. पार्सन्सच्या पुढच्या बँडचा, फ्लाइंग बुरिटो ब्रदर्सचा, पहिला अल्बम १९६९मध्ये आला. तो १६४वर थांबला. आज हे दोन्ही अल्बम या शैलीचे पाया मानले जातात. तेव्हा मात्र कंट्री-रॉक करणं म्हणजे समीक्षकांची शाबासकी आणि रिकामा गल्ला, असाच अनुभव होता.

ईगल्सनं तो गल्ला भरून दाखवला. चौघेही कॅलिफोर्नियाबाहेर जन्मलेले. ग्लेन फ्राय डेट्रॉइटकडचा, डॉन हेन्ली टेक्सासमधल्या लिंडन या छोट्या गावाचा, रँडी माइजनर नेब्रास्काचा, बर्नी लेडन मिनेसोटाचा. लेडन बुरिटोंमध्ये वाजवून आलेला, माइजनर पोको या बँडच्या संस्थापकांपैकी. म्हणजे कंट्री-रॉकच्या दोन जुन्या घरांतली माणसं इथे एकत्र आली होती. लॉस एंजेलिसच्या ट्रूबडूर क्लबच्या वर्तुळात ओळखी झाल्या आणि १९७१मध्ये लिंडा रॉनस्टॅट या गायिकेच्या साथीला वाजवताना बँडची कल्पना पक्की झाली. डेव्हिड गेफनच्या नव्या असायलम कंपनीनं करार केला. निर्माता म्हणून ग्लिन जॉन्स हा इंग्रज आला, रोलिंग स्टोन्स आणि द हू यांच्याबरोबर काम केलेला. प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याला बँड आवडला नव्हता; तालमीत अकूस्टिक गिटारवर चौघांचे सूर एकात एक मिसळताना ऐकले तेव्हा तो तयार झाला. पुढे बँड आणि जॉन्स यांचं जे बिनसलं त्याचं बीज इथेच आहे. जॉन्सला यांच्यात सुरेल गळे दिसत होते, फ्रायला रॉक हवं होतं.

पहिला अल्बम जून १९७२मध्ये आला. त्यातली तीन गाणी एकल तबकड्या म्हणून पहिल्या चाळीसात गेली: ‘टेक इट ईझी’ १२व्या, ‘विची वुमन’ नवव्या, ‘पीसफुल ईझी फीलिंग’ २२व्या क्रमांकावर. पण ‘टेक इट ईझी’ मुळात जॅक्सन ब्राउन या गायक-गीतकार मित्रानं सुरू केलेलं गाणं. फ्रायनं ते पुरं केलं. ‘पीसफुल ईझी फीलिंग’ही बाहेरच्याचं. यशाबरोबर एक टोचणीही आली: गोड गळ्यांची, दुसऱ्यांची गाणी गाणारी पोरं अशी आपली ओळख होणार का? दुसरा अल्बम एकाच कथेभोवती बांधायची महत्त्वाकांक्षा या टोचणीतून आली असं मला वाटतं. १९७३मध्ये रॉक बँडला गांभीर्यानं घेतलं जायचं असेल, तर कथासूत्र असलेला अल्बम करणं हा मान्य मार्ग होता.

कथा सापडली ती एका पुस्तकात. ब्राउनला वाढदिवसाला मिळालेलं, जुन्या पश्चिमेतल्या बंदूकबाजांच्या छायाचित्रांचं पुस्तक मित्रांच्या हातात फिरत होतं. फ्राय, हेन्ली, ब्राउन आणि गीतकार मित्र जे. डी. साउदर यांनी मिळून बिल डूलिन आणि डाल्टन भाऊ या दरोडेखोरांवर ‘डूलिन-डाल्टन’ लिहिलं आणि त्या गाण्याभोवती अल्बम उभा राहू लागला. दरोडेखोरांची टोळी आणि रॉक बँड: दोघेही कायद्याच्या कडेकडेनं जगणारे, गावोगाव फिरणारे, पैसा आणि नाव मिळालं की त्यातच अडकणारे. तुलना ऐकायला आकर्षक आहे. खऱ्या डाल्टनांची हकीगत मात्र त्याहून कितीतरी विचित्र आहे.

डाल्टन भावांपैकी काही जण आधी कायद्याच्या बाजूचे होते. थोरला फ्रँक डेप्युटी मार्शल, म्हणजे सरकारी पोलीस अधिकारी, म्हणून काम करताना १८८७मध्ये मारला गेला. ग्रॅट, बॉब आणि एमेट यांनीही बिल्ले लावले होते. पुढे ते रेल्वे लुटू लागले. ५ ऑक्टोबर १८९२ला टोळीतल्या पाच जणांनी कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँका लुटायचा घाट घातला. दुसऱ्या कुणाला जमलं नाही ते करून नाव कमवायचं, हा हेतू. पण हे लोक याच भागात राहिलेले. खोट्या दाढ्या लावूनही ओळखले गेले. एका बँकेतल्या कर्मचाऱ्यानं तिजोरीचं वेळेचं कुलूप अजून उघडायचंय अशी थाप मारून त्यांना थोपवून धरलं, तोवर गावकऱ्यांनी दुकानातून बंदुका उचलल्या. काही मिनिटांच्या गोळीबारात चार दरोडेखोर आणि चार गावकरी ठार झाले. मेलेल्या चौघांना ओळीनं मांडून काढलेला फोटो अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

टोळीतला बिल डूलिन त्या दिवशी तिथे नव्हता. त्यानं उरलेल्यांना घेऊन नवी टोळी केली आणि १८९६मध्ये तोही मारला गेला. कॉफीव्हिलमधून एकटा एमेट वाचला, अंगावर वीसेक जखमा घेऊन. तो २१ वर्षांचा होता. लेडननं लिहिलेल्या झपाट्याच्या बँजोगाण्याचं नावच ‘ट्वेन्टी-वन’ आहे. एमेटला जन्मठेप झाली, १४ वर्षांनी माफी मिळाली, आणि पुढे हा गृहस्थ कॅलिफोर्नियात गेला. आपल्या टोळीवर पुस्तक लिहिलं, चित्रपटवाल्यांत वावरला आणि १९३७मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारला. दरोडेखोराचा नट होतो आणि शहर लॉस एंजेलिसच असतं, ही खरी गंमत ईगल्सच्या हाताशी होती. त्यांनी ती वापरली नाही. त्यांना शोकांतिका हवी होती.

कव्हरसाठी छायाचित्रकार हेन्री डिल्ट्झ आणि कलादिग्दर्शक गॅरी बर्डन यांनी सगळ्यांना मालिबूजवळच्या पॅरामाउंट रँचवर नेलं. तिथे वेस्टर्न चित्रपटांसाठी उभारलेलं जुनं गाव होतं. कॉफीव्हिलचा तो फोटो त्यांनी मागच्या बाजूसाठी नव्यानं घडवला: बँडचे चौघे, ब्राउन आणि साउदर बांधलेल्या अवस्थेत जमिनीवर पडलेत आणि बंदुका घेऊन उभ्या असलेल्यांत खुद्द निर्माता जॉन्स आहे. माझ्या मते अल्बमची कल्पना सगळ्यात नेमकी व्यक्त झाली ती इथे. ज्यांच्या जिवावर कंपनी चालते ते आडवे, आणि व्यवसाय सांभाळणारे उभे.

रेकॉर्डिंग लंडनच्या आयलंड स्टुडिओत झालं, काही आठवड्यांत. जॉन्सचा शिरस्ता कडक: कामाच्या वेळी दारू नाही, नशा नाही, फार टेक नाहीत. हेन्ली आणि फ्राय यांनी जोडीनं लिहायला नुकतीच सुरुवात केली होती आणि ‘डेस्पराडो’ व ‘टकीला सनराइज’ ही त्या जोडीची पहिली फळं. ‘डेस्पराडो’चा जुना तुकडा हेन्लीकडे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पडून होता, आणि तो एका मित्राला उद्देशून होता, दरोडेखोरांशी त्याचा काही संबंध नव्हता. शीर्षकगीत कथेतून उगवलेलं नाही, कथेला नंतर जोडलेलं आहे. ‘टकीला सनराइज’मध्ये तर टोळीचा मागमूसही नाही. हेन्लीचा टेक्सासमधला जुना साथीदार जिम एड नॉर्मन यानं व्हायोलिनांची रचना केली, लंडन फिलहार्मोनिकचे वादक आले आणि त्यांच्यासमोर घाबरलेल्या हेन्लीनं गाणं गायलं. ते आपल्याला आणखी चांगलं गाता आलं असतं, ही खंत त्यानं पुढे अनेकदा बोलून दाखवली.

आता श्रोत्यांकडे येऊ. अल्बम बिलबोर्डच्या यादीत ४१व्या क्रमांकापर्यंत गेला. आधीचा २२पर्यंत गेला होता. ‘टकीला सनराइज’ची तबकडी ६४वर थांबली, ‘आउटलॉ मॅन’ ५९वर. हे दुसरं गाणं डेव्हिड ब्लूचं, पुन्हा बाहेरच्याचं, आणि अल्बममधलं सगळ्यात ठोकळेबाज. शीर्षकगीताची तबकडी काढलीच नाही. आज हे वेडेपणाचं वाटेल, पण ढोल जवळजवळ नसलेलं, पियानोवरचं संथ गाणं तेव्हाच्या रेडिओवर चालेल याची खात्री कुणाला होती? त्यात असायलम कंपनी याच काळात वॉर्नर या बड्या कंपनीकडे गेली होती आणि इलेक्ट्रा कंपनीशी एकत्र होत होती.

समीक्षकांत मतभेद होते. काहींना बँडची उडी आवडली. रॉबर्ट क्रिस्टगाउसारख्यांना बंदूकबाज आणि गिटारवाला यांची बरोबरी पोकळ पौरुषाची वाटली. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. डाल्टन टोळीतले चौघे काही मिनिटांत खरोखर मेले. इथे पंचविशीच्या आसपासची चार मुलं एका हिट अल्बमनंतर स्वतःला फासावर चढलेलं कल्पत होती. शिवाय कथा कथा म्हणून पुढे सरकत नाही. डूलिन-डाल्टनची धून तीनदा येते, मधली गाणी सैल धाग्यात ओवलेली. दुसऱ्या बाजूवर ‘सॅटर्डे नाइट’ हे तीन मात्रांच्या लयीतलं हुरहुरतं गाणं आहे. ते कथा विसरूनच ऐकलेलं बरं, आणि सामान्य श्रोत्यानं पुढे नेमकं तेच केलं.

गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातून लोकांपर्यंत पोचली. १९७३च्या शरदात रॉनस्टॅटनं आपल्या ‘डोन्ट क्राय नाउ’मध्ये ‘डेस्पराडो’ गायलं आणि ते एका बाईनं हट्टी पुरुषाला घातलेली समजूत होऊन गेलं. १९७५मध्ये कार्पेंटर्स या भावंडांच्या जोडीनं ते घेतलं. बँडनं या अपयशातून धडा घेतला तो सरळ होता: कथा नको, रॉक हवं. तिसऱ्या अल्बमच्या मध्यावर त्यांनी जॉन्सला सोडलं, बिल सिमझिक हा अमेरिकन निर्माता घेतला, डॉन फेल्डरची धारदार गिटार आणली. गमतीचा भाग असा की त्यांना पहिल्यांदा अव्वल क्रमांक मिळवून देणारं ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’ जॉन्सच्याच हातचं, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेलं होतं. १९७५च्या अखेरीस लेडन बाहेर पडला आणि बँजोही गेला.

फेब्रुवारी १९७६मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह निघाला. अमेरिकेत प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींच्या खपाचं, प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला अल्बम. २०१८पर्यंत त्याची नोंद ३८ पट प्लॅटिनम झाली होती. त्यात ‘डेस्पराडो’ आणि ‘टकीला सनराइज’ होती. कोट्यवधी घरांत ही गाणी पोचली ती अशी, डाल्टनांशिवाय. १९९३मध्ये नॅशव्हिलच्या कलाकारांनी ईगल्सच्या गाण्यांचा अल्बम काढला. ‘डेस्पराडो’ क्लिंट ब्लॅकनं गायलं, ‘टकीला सनराइज’ अॅलन जॅक्सननं. बर्ड्सकडे पाठ फिरवणाऱ्या गावानं पंचवीस वर्षांनी ही गाणी आपलीच म्हणून घेतली. २००२मध्ये कंट्रीचा दिग्गज गायक जॉनी कॅशनं म्हाताऱ्या, थकल्या आवाजात ‘डेस्पराडो’ गायलं आणि साथीला हेन्ली होता. कॅशच्या तोंडी ते पहिल्यांदाच खरोखर एखाद्या जुन्या गुन्हेगाराचं वाटतं.

अल्बमला स्वतःला मंचावर जागा मिळाली ती खूप उशिरा. २०१३ ते २०१५च्या दौऱ्यात बँडनं आपला इतिहास क्रमानं मांडला, लेडन पाहुणा म्हणून परत आला, आणि पहिल्या भागात ‘सॅटर्डे नाइट’, ‘डूलिन-डाल्टन’ आणि ‘टकीला सनराइज’ वाजली. फ्रायचा हा शेवटचा दौरा. जानेवारी २०१६मध्ये तो गेला.