खरा ख्रिसमस ट्री मागवलाय? मग बॉक्स आजच उघडा

आमच्या नर्सरीतून झाड मागवलेल्यांसाठी आणि मागवू की नको असा विचार करणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. बॉक्सवर लाल अक्षरात जे छापलंय तेच इथं जरा मोकळेपणाने सांगतोय, कारण दर डिसेंबरला २४ तारखेच्या संध्याकाळी आमचा फोन वाजत राहतो आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं, आल्यापासून न उघडलेला बॉक्स.

होतं काय, झाड १२-१३ तारखेला घरी पोचतं, मुलांना सरप्राइज द्यायचं असतं, नाहीतर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याची तयारी अजून व्हायची असते, मग बॉक्स बेडरूमच्या कोपऱ्यात किंवा सरळ माळ्यावर, आणि उघडतात थेट २४ला. मग आम्हाला फोटो येतो, खालच्या फांद्या पिवळ्या, शेंडा खाली मान घातलेला, आणि सोबत मेसेज, "दादा, सुकलेलं झाड पाठवलंत." प्लास्टिकचं झाड वर्षभर बॉक्समध्ये राहतं हो, पण हे मुळांसकट कुंडीतलं जिवंत झाड आहे. अंधारात त्याला अन्न बनवता येत नाही पण श्वास घेणं चालूच असतं, त्यात कुंडीतली ओल बंद पुठ्ठ्यात कोंडते आणि बुरशी धरते. आमचं पॅकिंग प्रवासाच्या दोन-तीन दिवसांपुरतं असतं, मुक्कामासाठी नसतं. सरप्राइजच द्यायचं असेल तर झाड शेजारच्या मावशींच्या बाल्कनीत ठेवा, पण बॉक्समधून बाहेर काढून ठेवा.

यावरूनच आमचा २४ तासांचा नियम. पार्सल मिळाल्यापासून २४ तासांत फोटो पाठवलात आणि झाड मोडलेलं किंवा सुकलेलं असेल तर काही न विचारता दुसरं पाठवतो. त्यानंतर नाही. काहींना हे जाचक वाटतं, रिव्ह्यूमध्येही लिहितात, पण हे झाड दुखणं लगेच दाखवत नाही, मुळं वाळली तरी पानं बरेच दिवस हिरवीच दिसतात, त्यामुळे दहा दिवसांनी काढलेल्या फोटोवरून नुकसान टेम्पोत झालं की घरात हे आम्हालाही कळत नाही आणि तुम्हालाही नाही.

डिलिव्हरी १८ डिसेंबरला बंद करतो तेही याच हिशोबाने. "२३ला मिळेल ना?" असं रोज विचारतात. त्या आठवड्यात कुरिअरची गोदामं तुंबलेली असतात, आणि झाड पोचलंच तरी प्रवासातून आल्यावर त्याला सावरायला चार दिवस लागतातच. तारीख काढायची तर आगमनकाळ, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे साधारण चार आठवडे, सुरू झाला की मागवा, म्हणजे घाई नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "हे खरं ख्रिसमस ट्रीच आहे ना? फोटोत तर भरगच्च असतं." फोटोतली ती झाडं फर किंवा स्प्रूस, थंड मुलखातली. आपल्याकडे ती हिमालयात होतात, वसईत किंवा पुण्यात कुंडीत टिकत नाहीत, मे महिना तर विसराच. आम्ही देतो तो अरोकेरिया, मूळचा पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचा, त्यामुळे दमट हवा त्याला मानवते आणि मुंबई, वसई, गोव्याकडच्या घरात तो छान राहतो. फांद्या थराथराने येतात आणि दोन थरांत मोकळी जागा राहते, तेच त्याचं रूप, ते झाड विरळ किंवा आजारी नसतं. उलट त्या मोकळ्या जागेत गोळे छान लटकतात. लिंबाच्या वासाचा तो पोपटी-पिवळा गोल्डक्रेस्ट बऱ्याच साइटवर दिसतो, दिसायला गोडच आहे, पण किनाऱ्याच्या गरमीत त्याचं काही खरं नाही म्हणून आम्ही तो ठेवतच नाही.

उंची आम्ही कुंडीतल्या मातीपासून शेंड्यापर्यंत मोजतो, कुंडी धरून नाही. काहीजण कुंडीसकट मोजतात, किंमत ताडताना तेवढं बघा. रस्त्यावरच्या नर्सरीत स्वस्त मिळतं हे खरंय, घ्यायलाही हरकत नाही, फक्त उन्हात वाढलेलं झाड एकदम हॉलमध्ये आणलं की ते धक्का खातं. आमची झाडं आधी काही आठवडे शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली असतात, जास्तीचे पैसे त्याचे.

सजवताना एकच जपा, शेंडा. चांदणी तारेने शेंड्यालाच बांधतात, तो कोवळा असतो, मोडला की झाड पुन्हा तसं सरळ वाढत नाही. छताला लागतंय म्हणून शेंडा कापणारेही आहेत, त्यांना काय सांगू! बॉक्समध्ये बांबूची काडी मुद्दाम टाकलेली असते, ती कुंडीत खोचा आणि चांदणी तिला बांधा. माळ एलईडीचीच लावा, जुन्या गरम होणाऱ्या बल्बने पानं भाजतात. बर्फाचा स्प्रे नको, रंग तर नकोच.

पाणी वरची बोटभर माती सुकल्यावरच. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. खिडकीजवळ ठेवा, एसीच्या झोतात नको, आणि आठवड्यातून एकदा कुंडी थोडी फिरवा नाहीतर झाड उजेडाकडे झुकतं. खालची फांदी एकदा वाळून गेली की तिथं नवीन येत नाही, म्हणून हे सगळं सांगणं.

तीन राजांचा सण, ६ जानेवारी, झाला की दिवे-गोळे उतरवा आणि झाड बाल्कनीत न्या, पण एकदम कडक उन्हात नको, हळूहळू. सोसायटीच्या आवारात लावायचं म्हणत असाल तर भिंतीपासून भरपूर लांब लावा. त्याच्या मूळ बेटावर हे झाड ५० मीटरच्याही वर जातं, आपल्याकडेही मजले ओलांडतं, आणि शहरात मोठं झालेलं झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. कुंडीतच ठेवलंत तर हळू वाढतं आणि पुढची बरीच वर्षं तेच झाड सजवता येतं.

जागा नसेल तर पुण्याच्या आसपासच्या ग्राहकांचं झाड आम्ही नर्सरीत सांभाळतो, महिन्याचं थोडं भाडं घेऊन, कुंडी बदलणं त्यातच. नोव्हेंबरअखेर घरपोच परत मिळतं. नाव नोंदवायचं असेल तर बॉक्सवरच्या व्हॉट्सॲप नंबरवर झाडाचा फोटो आणि बिल पाठवा, फोन मात्र २४ला सोडून कधीही करा.