जलमार्गांची भाषणे आणि गोव्याच्या सहा नद्या

गंगेचा हल्दिया ते अलाहाबाद हा १६२० किलोमीटरचा पट्टा १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय जलमार्ग ठरला. पुढच्या तीस वर्षांत यादी जेमतेम पाचवर गेली. २०१६ च्या कायद्याने तीत एकदम १०६ नावे घातली आणि 'देशात १११ जलमार्ग' हे वाक्य सभांमधून फिरू लागले. जोडीला हिशेब: टनामागे किलोमीटरला रस्त्याने दीड रुपया, रेल्वेने एक, पाण्याने पंचवीस-तीस पैसे. पैशांचा आकडा भाषणागणिक हलायचा, टाळ्या मात्र ठरलेल्या. वर्षानुवर्षे गाळ उपसत राहण्याचा खर्च त्यात कुठे बसतो, हे क्वचितच कानावर यायचे.

गोव्याला हा हिशेब नवा नव्हता. मांडवी-झुआरीतून खनिज बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जहाजांनी, मुरगाव बंदराला जायचे. पावसाळ्यात मांडवीचे मुख खवळले की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचे. वाद पेटला तो यादीत मांडवी, झुआरी, कुंभारजुवा, म्हापसा, शापोरा आणि साळ ही नावे दिसल्यावर. विरोधक म्हणाले, हे नद्यांचे राष्ट्रीयीकरण. राज्यकर्ते म्हणाले, मालकी राज्याचीच, केंद्र फक्त पैसा घालणार. मालकी काढून घेतली असे कायदा म्हणत नाही, हे खरे. पण नौकानयनापुरते नियमन आणि विकास केंद्राच्या नियंत्रणाखाली, हे तो स्वच्छ म्हणतो. आणि खरी मेख तिथेच होती. पागी म्हणजे मासेमार असो वा खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती, कसणारा, त्याला नदीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा दाखला) कोणाच्या नावावर आहे याच्याशी काय देणेघेणे? गाळ कुठे उपसायचा, जेट्टी कुठे ठोकायची, हे कोण ठरवणार ते त्याला कळायला हवे होते. बार्जच्या लाटांनी बांध खचतो, खारे पाणी शेतात शिरते, मग भात विसरायचे. 'मालकी तुमचीच' या आश्वासनात त्याचे उत्तर नव्हते.

त्यातच २०१७ मध्ये मुरगाव बंदरातल्या कोळसा हाताळणीच्या विस्तारावर जनसुनावण्या झाल्या. नदीतून नेमके काय जाणार, या शंकेला कोळशाचा रंग चढला. ग्रामसभांमध्ये विरोधाचे ठराव झाले.

मार्च २०१८ मध्ये खाणी न्यायालयाच्या आदेशाने बंद पडल्या आणि बार्जना मालच उरला नाही. सगळे १११ मार्ग मालवाहतुकीला परवडणारे नाहीत, हेही पुढे सरकारी अभ्यासांतूनच दिसले. २०२० मध्ये मांडवीत तरंगत्या जेट्टी आल्या त्या पर्यटनाच्या नावाने. कॅसिनोची जहाजे तिथे आधीपासूनच उभी होती. त्यांच्यासाठी कोणाला भाषण करावे लागले नव्हते.