निर्वासित बर्मी विद्यार्थी चळवळीचे कागद: जतनासाठी अर्ज कोण करू शकतो, कसा करायचा, काय जोडायचं

दिल्लीत ३, कृष्ण मेनन मार्ग हा जॉर्ज फर्नांडिस यांचा सरकारी बंगला होता. मुंबईच्या गोदी, महापालिका आणि टॅक्सी कामगारांमध्ये घडलेल्या या समाजवादी नेत्यानं त्याच्या आवारात बर्मी, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, विद्यार्थ्यांना अनेक वर्षं जागा दिली. ८ ऑगस्ट १९८८ चा लोकशाहीसाठीचा उठाव, १८ सप्टेंबरला लष्करानं घेतलेली सत्ता आणि त्यानंतरचा गोळीबार यातून निसटलेले हे तरुण. हजारो जण थायलंड, भारत आणि चीनच्या सीमेकडे गेले. भारतात ते मोरेमार्गे मणिपुरात आणि चाम्फाईमार्गे मिझोराममध्ये पोचले. १ नोव्हेंबर १९८८ रोजी थाई सीमेवरच्या कॉमुरा इथे त्यांची ऑल बर्मा स्टुडंट्स डेमोक्रॅटिक फ्रंट (पुढे नुसतं फ्रंट) ही सशस्त्र संघटना उभी राहिली.

ती पिढी आता पन्नाशी ओलांडून साठीकडे झुकली आहे. निर्वासितांच्या कार्यालयाला कायमचं कपाट नसतं, त्यामुळे कागद माणसांबरोबर फिरतात. एक ट्रंक दिल्लीच्या विकासपुरीत राहते, तिचा मालक नॉर्वेत स्थायिक होतो, आणि घरमालक खोली रिकामी करताना रद्दीवाल्याला हाक मारतो. जानेवारी १९९५ मध्ये थाई सीमेजवळचं मानरप्लॉ हे कॅरेन बंडखोरांचं मुख्यालय लष्कराच्या हाती पडलं तेव्हा सीमेवरच्या तळांवरून लोक नेसत्या वस्त्रानिशी निघाले. तिथलं दप्तर कोण उचलणार होतं?

तुमच्याकडे असे कागद असतील किंवा कुणी विश्वासानं सोपवले असतील, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या समाजवादी घरांच्या माळ्यावरही अशी पत्रकं निघू शकतात.

कागद कुठे द्यायचे

तीन वाटा आहेत, आणि अर्ज लिहायला बसण्याआधी त्यातली एक निवडावी लागते.

पहिली वाट दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या कलम ११ नुसार ऐतिहासिक किंवा राष्ट्रीय महत्त्वाचे खासगी कागद ते देणगी म्हणून, विकत किंवा अन्य रीतीनं स्वीकारू शकतं. यात मूळ कागद त्यांच्या ताब्यात जातात.

दुसरी वाट ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेची. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं युरोपात छळ होणाऱ्या चळवळींचे कागद वाचवले. १९८९ च्या चिनी लोकशाही आंदोलनाची पत्रकं तिथे आहेत आणि बर्मातल्या लष्करविरोधी चळवळींचं साहित्यही.

तिसरी वाट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस ग्रंथालयाचा मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम. २०१८ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या, धोक्यात असलेल्या संग्रहांच्या डिजिटल प्रतींसाठी अनुदान देतो. मूळ कागद अमेरिकेला जात नाहीत. ब्रिटिश लायब्ररीचा नावानं जवळचा असा एक कार्यक्रम आहे, पण त्याचा भर विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या साहित्यावर असल्यामुळे १९८८ नंतरच्या कागदांसाठी तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

माझं मत स्पष्ट सांगतो. मूळ कागद भारतातल्या एखाद्या स्थिर संस्थेत ठेवून तिसऱ्या वाटेनं डिजिटल प्रती करणं बहुतेकांना सोयीचं पडेल. संग्रहात आजही कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही असेल, तर ॲमस्टरडॅमला करारानं बंद ठेवण्याची अट घालून द्यावं. सरकारी अभिलेखागार शेजारच्या लष्करी राजवटीशी असलेल्या आपल्या सरकारच्या संबंधांपासून कायम अलिप्त राहील, हे मी गृहीत धरणार नाही. तिथे द्यायचंच असेल तर वाचनाच्या अटी आधी लेखी मागा.

भारताबाहेर मूळ कागद नेता येतात का, हा प्रश्न हमखास निघतो. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये हस्तलिखितं आणि दस्तऐवजांसाठी ७५ वर्षांची मर्यादा आहे. १९८८ नंतरचे कागद त्यात बसत नाहीत. मात्र ट्रंकेत एखादा भारतीय सरकारी कागद, म्हणजे मूळ फाइल किंवा तिचं पान, मिसळलेलं असेल तर ते वेगळं काढा. सार्वजनिक अभिलेख बाहेर नेण्यावर १९९३ च्या कायद्याच्या कलम ४ ची बंदी आहे.

कोण अर्ज करू शकतो

लॉस एंजलिसच्या अनुदानासाठी अर्जदारामागे पैसे स्वीकारून हिशेब देऊ शकेल अशी संस्था लागते. विद्यापीठ, ग्रंथालय, नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी चालते. पुण्यामुंबईतल्या न्यासाकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचं नोंदणीपत्र असतंच. त्याबरोबर पॅन, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि विश्वस्तांचा ठराव काढून ठेवा.

खरी अडचण पैसा भारतात आणण्याची आहे, आणि इथे अनेक चांगले अर्ज अडतात. परदेशी अनुदान घेण्यासाठी विदेशी अंशदान नियमन अधिनियम, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं आपल्या मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. अर्ज एफसी-३ए. एवढी ताकद नसलेल्या संस्थेनं एफसी-३बी भरून एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागायची. त्याला देणगीदाराचं वचनपत्र जोडावं लागतं. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दर्पण पोर्टलवरची ओळखसंख्या दोन्हींकडे लागते. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे मोठ्या संस्थेच्या नावावर अनुदान घेऊन काम करणाऱ्या छोट्या गटाला पैसे द्यायचे, ही जुनी रीत आता चालत नाही. स्कॅनिंग करणारी माणसं त्या संस्थेनंच थेट मानधनावर घ्यायला हवीत.

राजकीय स्वरूपाच्या संघटनेला, तसंच नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादकाला किंवा वार्ताहराला हा पैसा घेता येत नाही. बर्मी निर्वासितांपैकी बरेच जण पुढे पत्रकारितेत गेले, म्हणून हे लक्षात ठेवा. अर्जदार चळवळीची संघटना असू नये, जतन करणारी संस्था असावी. अर्जातही कामाचं वर्णन अभिलेख जतन असंच करा, कारण ते तसंच आहे.

मालकी: सगळ्यात चिवट प्रश्न

फ्रंटच्या कार्यालयाचे कागद एका माणसाच्या ट्रंकेत आहेत. ते त्याचे की संघटनेचे? संघटना भारतात नोंदलेली नव्हती. पुढे तिच्यात फूटही पडली. मी दोन कागद मागेन: संघटनेच्या आजच्या समितीचा ना-हरकत ठराव आणि सांभाळणाऱ्याचं निवेदन, ज्यात कागद त्याच्याकडे कधी, कुणाकडून आणि कोणत्या परिस्थितीत आले ते त्याच्या शब्दांत लिहिलेलं असेल. हे निवेदन अर्धं पान असलं तरी पुढच्या अभ्यासकाला सोन्यासारखं. सांभाळणारा वारला असेल तर सर्व वारसांची संमती घ्या.

देणगीपत्राला घाबरू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ नुसार जंगम वस्तूची देणगी प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते, नोंदणीची सक्ती नाही. पण देणाऱ्याच्या हयातीत स्वीकार झाला पाहिजे. म्हणून यादी जोडलेलं साधं पत्र आणि संस्थेची तारखेसह पोच एवढं कराच. देणारा परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन किंवा अपोस्टिल (परदेशात चालणारं त्या देशाचं सरकारी साक्षांकन) करून मुखत्यारपत्र मागवा. देणारा दिल्लीतच असेल आणि ओळखीसाठी त्याच्याकडे फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड असेल तर तेच जोडा. भारत १९५१ च्या निर्वासित करारात सामील नाही, त्यामुळे कित्येकांकडे दुसरं काही नसतंच.

कागदाची मालकी वेगळी आणि लेखनहक्क वेगळा. पत्र ज्यानं लिहिलं त्याचा हक्क त्याच्याकडे, आणि भारतीय कायद्यात तो मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हजार पत्रलेखक शोधणं शक्य नाही, हे परीक्षकांनाही कळतं. तुम्ही कुणाला विचारलं, कोण सापडलं नाही आणि हरकत आल्यास प्रत कशी काढून घ्याल, एवढं प्रामाणिकपणे लिहा.

अर्जाचे टप्पे

लॉस एंजलिसला आधी प्राथमिक अर्ज जातो. तो पसंत पडला तर सविस्तर अर्ज मागवतात. अनुदान मुख्यतः दोन प्रकारचं: नियोजनासाठी १५,००० डॉलरपर्यंत, एका वर्षासाठी, आणि प्रत्यक्ष प्रकल्पासाठी ५०,००० डॉलरपर्यंत, दोन वर्षांसाठी. रक्कम आणि तारखा त्या त्या फेरीच्या सूचनेत पाहून घ्या. कागद चार शहरांत विखुरलेले असतील तर आधी नियोजनाचं अनुदान मागा. काय आहे हेच माहीत नसताना ५०,००० डॉलरचा अर्ज केला की अंदाजपत्रक पहिल्याच वाचनात ढासळतं.

प्राथमिक अर्जात संग्रहाचं महत्त्व, धोका, हक्क आणि काम करणारी माणसं यावर थोडक्यात लिहायचं असतं. धोक्याबद्दल मोघम लिहू नका. नव्वदच्या दशकातले फॅक्स थर्मल कागदावर आहेत, अक्षरं उडत चालली आहेत, काही पानं आता तिरक्या उजेडातच वाचता येतात, असं लिहा. सायक्लोस्टाइलचा कागद आम्लामुळे कडांना चुरतो. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या वह्या टिकल्या, पण थर्मल कागदाला ते भाग्य नाही. अशा पानांचे फोटो अर्जाची वाट न पाहता आजच काढा.

पुराव्यासाठी नमुन्याची वीस-पंचवीस पानं आणि पेटीवार यादी तयार ठेवा. यादी करताना मूळ क्रम मोडू नका. चुकीच्या फाइलमध्ये पडलेलं पत्रही तिथे का पडलं, हे सांगू शकतं. बर्मी माणसाला आडनाव नसतं आणि सीमेवर बहुतेकांनी टोपणनावं घेतली होती, म्हणून यादीत कागदावरचं नाव आणि ओळखीचं नाव असे दोन रकाने ठेवा. लष्करानं १९८९ मध्ये देशाचं इंग्रजी नाव बदलून म्यानमार केलं, चळवळीनं बर्मा चालू ठेवलं. कागदावर जे आहे तेच नोंदवा, दुरुस्त करू नका.

फ्लॉपी आणि जुन्या सीडींचा वेगळा खर्च धरा. आपल्याकडे श्रीलिपीत केलेली फाइल आज उघडली की चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात, तसंच युनिकोडपूर्व बर्मी फाँटचं होतं. झॉजी या युनिकोडशी न जुळणाऱ्या बर्मी फाँटमधल्या फाइली तर वरवर वाचता येतात, पण शोधता येत नाहीत. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, रूपांतरित प्रत वेगळी ठेवायची, आणि दोन्हींची पडताळणी बर्मी वाचणाऱ्या माणसाकडून करून घ्यायची. त्याचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. साठवणीचा हिशेब सोपा आहे: ए-फोर आकाराचं पान ४०० डीपीआयवर रंगीत टिफमध्ये सुमारे ४५ एमबी होतं, म्हणजे १०,००० पानांना साधारण ४५० जीबी. अशा तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या शहरात.

काय उघडायचं, काय झाकायचं

हे अनुदान देणाऱ्यांचा आग्रह असतो की प्रती जगभर मुक्तपणे पाहता याव्यात. भूमिका चांगली आहे, पण १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर १९९२ ची एक साधी यादीही धोक्याची झाली आहे. छावणीच्या शिधापत्रकावर ज्याचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव आहे, त्याची भाची आज त्याच गावात राहत असेल. शस्त्रं मिळालेल्यांच्या यादीत नाव असेल तर दुसऱ्या देशातला आश्रयाचा अर्जही अडकू शकतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अभिलेख जतनाला सवलत आहे. त्या सवलतीनं गावातल्या भाचीचं रक्षण होत नाही.

म्हणून प्राथमिक अर्जातच लिहा की कोणते प्रकार बंद राहतील: वैद्यकीय नोंदी, नातेवाइकांचे पत्ते, चौकशीचे जबाब, सदस्य याद्या. पूर्ण मुक्त प्रवेश शक्य नाही म्हणून अर्ज नाकारला गेला, तर त्या पेट्या ॲमस्टरडॅमला अटींसह द्या आणि उरलेल्यांसाठी पुन्हा अर्ज करा.

झाकण्याचा आणखी एक प्रकार असतो, त्याला मात्र ठाम नकार द्या. १९९१-९२ मध्ये काचिन राज्यातल्या तळावर फ्रंटच्याच लोकांनी आपल्या साथीदारांना हेर ठरवून छळलं आणि अनेकांना ठार मारलं. पुढे संघटनेनं स्वतःच चौकशी समिती नेमली. त्या काळातले कागद ट्रंकेत निघाले की चळवळीची बदनामी नको म्हणून कुणीतरी ते बाजूला ठेवायला सांगतं. सांगणारा वाईट नसतो, त्याचंही आयुष्य त्यात गेलेलं असतं. पण मारल्या गेलेल्या मुलांच्या घरच्यांना दुसरा पुरावा कुठून मिळणार? ते कागद तीस वर्षं बंद ठेवा हवे तर, पण यादीत त्यांची नोंद आली पाहिजे.

ताबा देण्याआधी चळवळीतल्या दोन माणसांना, शक्यतो फुटीच्या दोन्ही बाजूंच्या, एकत्र बसवून पेट्या चाळा. बंद ठेवायच्या पानांची यादी तिथेच करा आणि दोघांच्या सह्या घ्या. टोपणनाव आणि खरं नाव जुळवणारी वही स्कॅन करू नका. ती वेगळ्या पाकिटात सीलबंद करून करारात तिचा उल्लेख करा, आणि पाकीट कोणत्या वर्षी उघडायचं ते बर्मी आणि इंग्रजी अशा दोन्ही कालगणनांत वर लिहा.