मांडा म्हणजे मोठी पुरणपोळी नव्हे

नाशकात हल्ली ‘खापरावरची पुरणपोळी’ असे बोर्ड बरेच दिसतात. काही ठिकाणी खरोखर मांडे मिळतात, काही ठिकाणी तव्यावर भाजलेली पातळ पुरणपोळी मिळते आणि गिऱ्हाईक दोन्ही तितक्याच आनंदानं खातं. खाऊ दे बापडं. पण पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हमखास विचारतात, ‘मांडे म्हणजे मोठ्या आकाराची पुरणपोळीच ना?’ तेव्हा मात्र मला गप्प बसवत नाही.

माझं आजोळ पंचवटीतलं आणि वडिलांचं गाव सटाण्याकडचं. होळीला आजीकडे पुरणपोळी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी मांडे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात आणि पुढे खानदेशात आखाजीला मांडे आणि आमरस नसेल तर सण झाला असं कुणी मानत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली तिकडची माणसं सिडकोत राहायला लागली आणि मांडे भाजायचं मातीचं खापरही त्यांच्याबरोबर शहरात आलं. नाशिक हे दोन्ही पोळ्यांचं गाव झालं ते असं.

गोंधळ होतो तो पुरणामुळे, कारण पुरण दोन्हीत एकच. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची, कट काढून ठेवायचा, गूळ किंवा साखर घालून आटवायचं, डाव उभा राहिला की उतरवायचं, वेलदोडा-जायफळ लावायचं. फरक असलाच तर वाटण्यात. पुरणपोळीत एखादी कणी राहिली तर लाटण्याखाली दबून जाते, फार तर पोळीला एक डोळा पडतो. मांड्यात तीच कणी पोळी फाडते. त्यामुळे आजी पुरणयंत्राची जाड जाळी लावायची, तर गावी मोठी माय पाट्यावर पुन्हा एक हात फिरवायची.

खरा फरक सुरू होतो गव्हापासून. पुरणपोळीला घरातली चाळलेली कणीक चालते, थोडा मैदा मिसळला तरी कुणी नावं ठेवत नाही. मांड्याच्या गव्हाला आदल्या दिवशी पाणी लावतात. ओलसर गव्हाचा कोंडा दळताना भुगा न होता मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. मग ते पीठ पातळ सुती कापडातून वस्त्रगाळ करतात, तेच सपीठ. एवढा खटाटोप शोभेसाठी नसतो. पिठाला ताण येतो तो ग्लूटेनमुळे आणि कोंड्याचे बारीक तुकडे ग्लूटेनचे धागे कापत राहतात. कोंडा गेला, कणीक सैल भिजवली, पाणी लावत लावत तिंबली, मुरू दिली की ती रबरासारखी लांबते. आमच्याकडे कणकेच्या परातीभोवती मुलांना फिरकायची बंदी असे, कारण आम्ही तिचे लांब दोरे ओढून बघत बसायचो.

आणि मग हात. पुरणपोळीला पोळपाट, लाटणं आणि तांदळाची पिठी लागते. उंडा भरायचा, कडेकडेनं हलकं लाटायचं, तव्यावर टाकायचं, तूप सोडायचं. एकटी बाई स्वयंपाकघरात बसून पंचवीस पोळ्या करू शकते आणि करत आलीच आहे. मांड्याला लाटण्याचं काम अगदी सुरुवातीपुरतं. कणकेच्या दोन छोट्या पुऱ्या, मध्ये पुरण, कडा दाबून बंद आणि वर एकदा लाटणं फिरवलं की त्याची गरज संपली. नंतर ती पोळी दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर झुलवत राहायची. मोठी माय बांगड्या कोपरापर्यंत सारून घ्यायची. पोळी मनगटावरून खाली कोपराकडे सरकायची, दर झोक्याला वितभर वाढायची, शेवटी दोन्ही हातांवरून खाली लोंबायला लागायची. उजेडासमोर धरली तर पुरणाचा पिवळा रंग आरपार दिसे. बोटं कुठेच लागत नाहीत, कारण नख लागलं की भोक पडतं. एका क्षणी पुढे वाकून दोन्ही हात खापरावर पालथे केले की मांडा त्यावर पसरलेला. नुसतं बघूनसुद्धा ते शिकता येत नाही. माझ्या एका काकूला सासरी आल्यावर तीन आखाज्या फक्त भाजायला बसवलं होतं.

खापर म्हणजे मातीचं मोठं, पसरट, गोलाकार बुडाचं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. खालचा जाळ आत कोंडतो आणि माती हळूहळू, सगळीकडून सारखी तापते. दीड-दोन फुटांचा मांडा सपाट तव्यावर मावणार नाहीच, पण मावला तरी मध्ये करपेल आणि कडेला कच्चा राहील. फुगीर मातीवर तो आपल्या वजनानं चिकटून बसतो, मिनिटा-दोन मिनिटांत भाजून होतो आणि गरम आहे तोवरच घडी पडते. गार झाला की घडीवर मोडतो. शहरात आता गॅसच्या मोठ्या शेगडीवर लोखंडी कढई पालथी घालून मांडे करतात. वाईट होत नाहीत, पण धातूवर डाग लवकर पडतात आणि मातीचा तो किंचित भाजका वास येत नाही.

खापराशिवाय मांडा नाही, हे आपल्याकडची एक जुनी कथाच सांगते. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई कुंभाराकडे खापर आणायला गेली, पण विसोबा चाटीनं कुंभारांना दम भरून ठेवला होता, खापर द्यायचं नाही. मग ज्ञानेश्वरांनी योगबळानं आपली पाठ तापवली आणि मुक्ताईनं त्यावर मांडे भाजले. कथा आळंदीची, पण ज्या थोरल्या भावाला मांडे हवे होते त्याची समाधी आपल्या त्र्यंबकला आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या लोटतात. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं बघावं. मला त्यात स्वयंपाकातली गोष्ट महत्त्वाची वाटते. साधी पुरणपोळी हवी असती तर घरच्या तव्यावर भागलं असतं, विसोबाला अडवायला काही उरलंच नसतं.

जाता जाता आणखी दोन नावं बाजूला काढून ठेवू. बेळगावचे मांडे वेगळेच. ते खुसखुशीत, आत पिठीसाखर, खसखस, खवा, पुरणाचा पत्ता नाही, घडी घातलेले आणि बरेच दिवस टिकणारे. नागपूरकडची लांब पोळी पालथ्या मडक्यावरच होते, हातावरच वाढवतात, पण ती रिकामी, रश्शाबरोबर खायची. म्हणजे एकाशी आपल्या मांड्याचं नाव जुळतं, दुसरीशी कृती.

खाण्यात मात्र माझं मत ऐकाल तर खानदेशी नातेवाईक रागावतील. गरम असताना मांड्याला तोड नाही. चार पदरी घडी उलगडायची, तूप ओतायचं, वाटीभर आमरस, बाजूला कुरडई आणि काळ्या मसाल्याचा झणझणीत सार. पण दुसऱ्या दिवशी पुरणपोळीच जिंकते. पुरणाचा थर जाड असल्यानं ती मऊ राहते, तव्यावर तूप सोडून परतली की कड कुरकुरीत होते आणि शिळ्या कटाच्या आमटीला तर आदल्या दिवशीपेक्षा जास्त चव असते. होळीच्या दुसऱ्या सकाळी आजी आम्हाला न उठवता हे सगळं तयार ठेवायची आणि आम्ही वासानं उठायचो. मांडा रात्रभरात वाळतो. पातळ पदरात ओल धरायला जागाच नसते. तो दुधात चुरून खायचा आणि तसा चांगला लागतो, पण ती सोय झाली.

आठवणी वेगळ्या असण्याचं कारणही बहुधा इथेच आहे. पुरणपोळी आठवली की एक बाई आठवते, दार अर्धं लोटलेलं स्वयंपाकघर, आणि ‘नैवेद्य व्हायचाय, हात लावू नका’ हे वाक्य. मांडे आठवले की अंगण आणि गर्दी. एक कणीक तिंबतेय, एक पुरण भरतेय, एक झुलवतेय, एक खापराशी बसून उलटतेय, शेजारच्या दोघी मदतीला आल्यात आणि उद्या आपण त्यांच्याकडे जायचंय. पोरांना काटक्या आणायचं काम आणि मोबदल्यात फाटलेले मांडे. पहिले एक-दोन फाटायचेच, खापर नीट तापेपर्यंत. आम्हाला तेव्हा वाटायचं, मुद्दाम फाडतात.

विकत घेणार असाल तर बोर्ड वाचत बसू नका, हात बघा. मागे एका ठिकाणी मांडे म्हणून आणलेल्या घडीला तुपाचे गोल डाग आणि पिठी दिसली. ती सरळ लाटून तव्यावर भाजलेली होती, आकारही ताटाएवढाच. मांड्याला कोरडी पिठी फारशी लागत नाही आणि भाजताना तूप सोडत नाहीत, तूप ताटात पडतं. विकणारी बाई डोळ्यांसमोर पोळी हातावर घेत असेल तर निवांत थांबा, गरम खा, घरी न्यायचे असतील तर कापडात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. आखाजीच्या दिवशी मात्र ऐनवेळी जाऊ नका, आदल्या दिवशीच सांगून ठेवा.