आत्म्याचं वजन २१ ग्रॅम? असं सिद्ध झालेलं नाही
नागपुरात मोक्षधाम घाटावर सरणाजवळ उभं असताना कुणीतरी हमखास सांगतं, ‘प्राण गेला की वजन २१ ग्रॅमनं घटतं, विज्ञानानं सिद्ध केलंय.’ हे खोटं आहे. अमेरिकेतल्या हॅव्हरहिलचे डॉक्टर डंकन मॅकडुगल यांनी मरणासन्न रुग्णांना खाटेसकट तराजूवर ठेवलं आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. रुग्ण अवघे सहा. २१ ग्रॅमचा आकडा त्यातल्या एकाच माणसाचा! दोघांची मोजणी त्यांनी स्वतःच बाद ठरवली, उरलेल्यांचे आकडे जुळेनात. शिवाय मृत्यूचा नेमका क्षण कोणता, हे ठरवणंही कठीण होतं. जाणीव मेंदूत कशी उमटते, हे कोडं अजून सुटलेलं नाही हे खरं, पण म्हणून आत्म्याला वजन आहे असं ठरत नाही. विश्वाशी नातं सांगायचंच असेल, तर आपल्या रक्तातलं लोह ताऱ्यांत घडलंय, हे सांगा. त्याला भक्कम पुरावा आहे.